तिच्या वाट्याचा वाघ

मूर्तिजापूरच्या शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. मी इतिहास शिकवायची, ती जीवशास्त्र. दोघींची घरं अकोल्यात. सकाळच्या पॅसेंजरने जायचं आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीने परतायचं, असं सत्तावीस वर्षं चाललं. रोजच्या त्या प्रवासात आम्ही मेथी निवडली, उत्तरपत्रिका तपासल्या, सासवांबद्दल बोलून मन मोकळं केलं. माझे यजमान गेले त्यानंतरच्या महिन्यात मी गाडीत नुसती खिडकीबाहेर बघत बसायची, तेव्हा तिने एकदाही मला बोलायला लावलं नाही. डबा उघडायची, अर्धा माझ्या मांडीवर ठेवायची. इतकंच.

मी अकोल्यातल्या एका वकिलाच्या घरची. ती अचलपूरच्या पुढे, मेळघाटचा डोंगर जिथे सुरू होतो तिथल्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या लहानपणी गोठ्यातली दोन वासरं वाघाने नेली होती. तिच्या आजोबांनी वाघ पाहिला होता, वडिलांनी पाहिला होता, घरच्या सालदारानेही पाहिला होता. हिने नाही. वाघ आला त्या दिवशी ही कधी मामाच्या गावी, कधी तापाने घरात पडलेली. पुढे नोकरीत असताना ती तीनदा मेळघाटात जाऊन आली. रानगवे दिसले, अस्वल दिसलं, चिखलात वाघाचे ताजे ठसे दिसले. "आमच्या इकडचा वाघ लाजरा हाये," असं ती हसून सांगायची. पण तिला ते लागलेलं होतं. वर्गात वाघाचा धडा आला की ती दोन तास जास्त घ्यायची, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

माझं वेड वेगळं होतं. फत्तेपूर सिक्री. मी ते नगर इतकी वर्षं फळ्यावर काढलं, खडूने पंचमहालाचे मजले एकावर एक चढवले, आणि प्रत्यक्षात मी भोपाळच्या वर कधी गेले नव्हते. निवृत्तीनंतर जाऊ, असं आमचं ठरलेलं होतं. मग तिची सासू चार वर्षं अंथरुणाला खिळली, आणि ती हलू शकली नाही. सासूचं वर्षश्राद्ध झाल्यावर एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, आता कुठलं निमित्त राहिलं नाही, चल.

अमरावतीच्या एका टूरवाल्याची सहल मी निवडली. आग्रा, सिक्री, भरतपूरचं पक्षी अभयारण्य आणि शेवटी रणथंबोर. जानेवारीचे दिवस. बरोबर आपला स्वयंपाकी, त्यामुळे जेवणाची चिंता नाही. वीसेक माणसं होती, बहुतेक अमरावतीची, बँकेतून आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. माझी मैत्रीण रणथंबोरसाठी आली होती हे तिने लपवलं नाही. भाच्याकडून तिने दुर्बीण मागवली होती आणि महिनाभर गच्चीवर उभं राहून समोरच्या कडुलिंबावरचे पोपट बघत ती डोळ्यांना लावायचा सराव केला होता. सफारीच्या दिवसासाठी मातकट रंगाचा सलवार-कुर्ता शिवून घेतला होता. भडक रंग जंगलात चालत नाहीत, असं तिने मलाही दोनदा बजावलं.

आग्र्याला ताजमहाल पाहिला. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. गर्दी इतकी की माणसं घुमटाकडे पाठ करूनच उभी होती, प्रत्येकाला घुमटाचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो हवा होता. आत थडग्यांपाशी पहारेकरी सारख्या शिट्या वाजवत होता. यमुनेकडून झोंबरं वारं येत होतं. ती संगमरवरावर हात ठेवून म्हणाली, थंडगार आहे, आणि लगेच हात शालीत घेतला. त्या रात्री ती लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी सिक्री. सकाळी नाश्त्याला टूरच्या व्यवस्थापकाने सांगितलं, चढण आणि चालणं बरंच आहे, कुणाला बरं वाटत नसेल तर हॉटेलवर थांबा. तीन जण थांबले. माझ्या मैत्रिणीने चहाबरोबर एक गोळी घेतली. मी ती बघितली. गुडघ्याची असेल असं मी समजले, किंवा तसं समजणं मला सोयीचं होतं.

सिक्रीत मी वेडी झाले होते. दुसरा शब्द नाही. जे मी डोळे मिटून काढायची ते समोर लाल दगडात उभं होतं, आणि मोठं होतं, माझ्या फळ्याने कधी दाखवलं नव्हतं इतकं मोठं. सरकारी गाईड काहीतरी रंगवून सांगत होता, त्याला मी दोनदा सगळ्यांसमोर खोडून काढलं. मग गटाला कंटाळा आला आणि ते पुढे गेले. मी तिला घेऊन मागे राहिले. पंचमहालाचे खांब मी तिला एकेक दाखवले. तलावाच्या मधल्या चौथऱ्यावर कोण बसत असे, पाणी कुठून आणलं जाई, नगर ओस का पडलं, सगळं. तीन तास मी बोलत होते. ती माझी पाण्याची बाटली आणि पिशवी धरून माझ्या मागे मागे चालत होती, मध्येच एखादा प्रश्न विचारत होती. बुलंद दरवाजाच्या पायऱ्यांवर तिला खोकल्याची उबळ आली आणि ती खाली बसली. मी दरवाजासमोर उभी होते. मी म्हणाले, ऊन जाण्याआधी माझा एक फोटो काढ, पूर्ण कमान आली पाहिजे. ती उठली, दहा पायऱ्या उतरून गेली आणि फोटो काढला. फोटो चांगला आला आहे.

भरतपूरला धुकं होतं. तिथे सायकलरिक्षात बसून तळ्यांमधल्या रस्त्याने फिरवतात, आणि रिक्षावालेच पक्ष्यांची नावं सांगतात. तिथे मात्र ती बोलत होती. रिक्षावाल्याच्या आधी ती बोट करायची. झाडांच्या शेंड्यांवर रंगीत करकोच्यांची घरटी होती, गुलाबी पिसांची ती पाखरं चोची एकमेकींवर आपटत होती, आणि ती रिक्षात उभी राहून दुर्बिणीतून बघत होती. सारसांची जोडी दिसली तेव्हा तिने माझा दंड इतका दाबला की दुखला. ती हसत होती आणि तिचा हात भाजत होता. मी तिच्या कपाळाला हात लावला. चांगलाच ताप होता. ती म्हणाली, काही नाही, थंडीने झालं, रणथंबोरला पोहोचेपर्यंत उतरते.

उतरला नाही. सवाई माधोपूरला हॉटेलात पोहोचलो तेव्हा तिला धड उभं राहवत नव्हतं. व्यवस्थापकाने गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, कधीपासून ताप आहे. ती म्हणाली, तीन दिवस. डॉक्टर लिहीत होते. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मनात उलटे दिवस मोजले. तिसरा दिवस सिक्रीचा होता. मी तिच्याकडे पाहिलं, ती खिडकीकडे पाहत होती. डॉक्टरांनी सांगितलं, छातीत कफ भरला आहे, गोळ्या चालू करा, आणि उघड्या गाडीत पहाटेच्या थंडीत मुळीच जायचं नाही.

सफारी दुसऱ्याच दिवशी पहाटेची होती. परवाने नावावर असतात, तारीख बदलत नाही. ही एकच फेरी आमच्या सहलीत होती. व्यवस्थापकाने हळहळ व्यक्त केली आणि म्हणाला, कुणी सोबत थांबणार असेल तर सांगा, नाहीतर आमचा स्वयंपाकी हॉटेलवर आहेच.

मी तिला विचारलं, "मी थांबू का?"

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "तुले काय वाटते?"

यावर मी काय बोलले ते मला नीट आठवतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, सकाळी बघू, तुला कसं वाटतं त्यावर. म्हणजे मी काहीच म्हणाले नाही. थांबते म्हणायला एक शब्द लागला असता.

पहाटे मी दिवा न लावता कपडे घातले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपलेल्या माणसाचा श्वास मला ओळखता येतो, सत्तावीस वर्षांत ती माझ्या खांद्यावर मान टाकून गाडीत कितीदा झोपली होती. ती जागी होती. टेबलावर तिची दुर्बीण होती. मी ती उचलली. विचारलं नाही.

उघड्या गाडीत वीस जागा. माझ्या शेजारची तिची जागा रिकामी होती, तिथे मी माझी पिशवी ठेवली. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं. आधी चितळ दिसले, मग सांबर, मग नुसतंच गवत. लोक कुजबुजायला लागले की आपलं नशीब नाही. एका वळणावर वानरं ओरडायला लागली आणि जंगलखात्याच्या गाईडने चालकाच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी थांबली. समोर तळं होतं आणि तळ्याच्या काठाला एक जुना पडका महाल. कुठल्यातरी राजाने शिकारीच्या दिवसांसाठी बांधलेला असावा. त्या पडक्या कमानीतून वाघीण बाहेर आली.

ती घाईत नव्हती. पायऱ्यांवर येऊन उभी राहिली, तळ्याकडे पाहिलं, मग बसली, जसं आपलं घर असावं तशी. मी दुर्बीण लावली आणि तिचे कान दिसले, कानामागचे पांढरे ठिपके दिसले, जांभई देताना जीभ दिसली. पंधरा-वीस मिनिटांनी ती उठली आणि रस्त्याकडे चालत आली. माझ्या बाजूने, अगदी जवळून. चालताना तिचे खांदे एकामागून एक वर यायचे आणि पायांचा आवाज काहीच नव्हता. मी दुर्बीण खाली घ्यायची विसरले होते, इतक्या जवळून दुर्बिणीत नुसता पिवळा रंग दिसत होता. कमान, तळं आणि वाघीण, सगळं एका जागी. इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झाला असेल. आणि त्या सगळ्या वेळात मला माझ्या मैत्रिणीची आठवण एकदाही आली नाही. परतताना पिशवी उचलायला हात रिकाम्या जागेकडे गेला तेव्हा आली.

हॉटेलच्या जिन्यावर मी ठरवलं की सांगायचं नाही. तिला सहन होणार नाही, आजारी आहे, असं मी मनाशी म्हटलं. खोलीत गेले तर ती उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता. तिने माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं आणि विचारलं, "दिसला काय?"

मी म्हणाले, नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी थांबले नाही. मी सांगितलं, नुसते ठसे दिसले, लोक चिडले, गाईड बिचारा माफी मागत होता, थंडीने हाडं गोठली, तू आली नाहीस तेच बरं झालं. मी शिक्षिका आहे, मला रंगवून सांगता येतं. ऐकताना तिचा चेहरा सैल होत गेला. ती हसली. म्हणाली, म्हणजे तोही आमच्या मेळघाटच्याचाच भाऊ. मग तिने उठून तोंड धुतलं, केस विंचरले, आणि म्हणाली, मी आज खाली येऊन जेवते. मला वाटलं, मी पुण्य केलं.

खाली जेवणघरात सगळे बसले होते. अमरावतीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची बायको आमच्या टेबलापाशी आली. बाई मनाने चांगली होती. तिने माझ्या मैत्रिणीची चौकशी केली, आणि मग मोबाईल पुढे केला. म्हणाली, ताई, तुम्ही तर मुकलात, पण तुमच्या मैत्रिणीचं नशीब बघा, वाघीण अगदी हिच्या बाजूने गेली.

चित्रफितीत मी होते. दुर्बीण डोळ्यांना लावलेली, आणि आवाज माझाच, "अगंबाई, किती सुंदर." माझ्या मैत्रिणीने ती पूर्ण पाहिली. मग म्हणाली, परत लावा जरा. परत पाहिली. मोबाईल देताना त्या बाईला म्हणाली, "चांगली हाये." मग तिने ताटातली खिचडी संपवली.

खोलीत आल्यावर ती पलंगावर बसली आणि शांतपणे विचारलं, "दिसला नाही म्हनून काहून सांगतलं?"

मी म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून.

"वाईट तं वाटलंच असतं," ती म्हणाली. "रडलीही असती. त्यात तुयं काय जात होतं? मंग मी तुले विचारलं असतं, कशी चालते, कशी पायते. दिवसभर विचारत बसली असती. तू सांगतलं असतं, सिक्री सांगतली तशी. तेवढं तं मले भेटलं असतं."

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणून मला राग आला. माणसाला असा राग येतो हे मला माहीत होतं, आपल्याला येईल हे माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तू आजारी पडलीस, त्यात माझा काय दोष? मी काय तुझी नर्स म्हणून आले होते?"

आता ती सिक्रीचं काढेल, असं मला वाटलं. तिने काढावं असंही वाटलं, म्हणजे मला भांडता आलं असतं. पण ती आडवी झाली आणि पांघरूण घेतलं. थोड्या वेळाने मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, ऐक ना, ती त्या पडक्या कमानीतून बाहेर आली. तिने डोळे मिटूनच हात वर केला. "आता नको."

परतीच्या गाडीत भुसावळच्या अलीकडे चहावाला आला. तिने पर्स उघडली, दोन कप घेतले, आणि एक माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, तुमी घेता ना?"

आजूबाजूच्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसेल. दोन शिक्षिका, एक दुसरीला अहो म्हणते. आमच्यात 'तू'शिवाय दुसरं काही नव्हतं, मुलांच्या लग्नातसुद्धा आम्ही एकमेकींच्या सोयऱ्यांसमोर तू-तूच केलं होतं. मी कप घेतला. हात पोळला तरी तो खाली ठेवला नाही.

अकोल्याला आल्यावर तिला बरं व्हायला महिना लागला. मी दर दोन दिवसांनी जायची. ती दार उघडायची, बसायला सांगायची, चहा करायची. सूनबाई काय म्हणते, रक्तातली साखर किती आली, सगळं विचारायची. कधी तोडून बोलली नाही, टोमणा मारला नाही. तसं केलं असतं तर मी तिच्या पाया पडले असते. पुढे तिचा मुलगा तिला अमरावतीला घेऊन गेला. अकोल्याचं घर भाड्याने दिलं.

गेल्या दिवाळीनंतर मी अमरावतीला गेले होते, पुतणीकडे. तिथून तिच्याकडे गेले. जाताना रिक्षात मी वाक्यं जुळवली होती. सून चिवडा-लाडू ठेवून आत गेली तेव्हा मी म्हणाले, मला तुझी माफी मागायची आहे, तेव्हा मी चुकले. तिने लाडवाची बशी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "त्यात माफी कायची, मॅडम. झाल्या गोष्टी. लाडू घ्या, रव्याचे हायेत, तुमाले बेसनाचे चालत नाहीत." मग तिने माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली, मी तिच्या नातीच्या दहावीची. अर्ध्या तासाने मी उठले. सून फाटकापर्यंत आली.

माझ्या मुलीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, इतक्या लहान गोष्टीवरून कुणी तीस वर्षांची मैत्री सोडतं का, त्यांचंच काहीतरी चुकतंय. मी हो म्हणाले आणि विषय बदलला. मुलीला कसं सांगणार की तिने मैत्री सोडलीच नाही, तिने फक्त माझ्यावर विसंबणं सोडलं.

आणि एक गोष्ट मी त्या दिवशी अमरावतीलाही बोलले नाही. माफी मागताना मी 'चुकले' म्हणाले, पण काय चुकलं ते म्हणाले नाही. खोटं बोलल्याचा मला पश्चात्ताप आहे. सिक्रीच्या पायऱ्यांवर तिला उठवल्याचाही आहे. पण त्या पहाटे तिला सोडून गेल्याचा नाही. तशी वेळ पुन्हा आली, आणि ती तशीच भिंतीकडे तोंड करून पडलेली असली, तरी मी जाईन. दुर्बीणही उचलीन. मी हे बऱ्याचदा तपासून पाहिलं आहे, दर वेळी तेच उत्तर येतं. मला वाटतं तिला हे तिथेच कळलं होतं, मोबाईलवर दुसऱ्यांदा माझा चेहरा पाहताना.